ऑगस्टमधली गोगलगाय

आज आपण कुठे आहोत?

मेरीलँडमध्ये. मे महिन्यातला शेवटचा रविवार, दुपारचा एक. कॉलेजच्या मुलींच्या लॅक्रोसची राष्ट्रीय फायनल. प्लास्टिकचं गवत इतकं तापलंय की बुटाच्या तळातून चटका बसतोय.

हा प्रश्न डोरीनचा आहे. डोरीन आमची ट्रेनर. आमचे घोटे बांधते, बर्फ देते, आणि कोणाच्या डोक्याला लागलं की समोर गुडघे टेकून असले प्रश्न विचारते. मला तिने काही विचारलेलं नाही. मीच सकाळपासून स्वतःला विचारतेय, कारण टिलीला विचारायची माझी छाती होत नाही.

टिली ऑस्ट्रँडर. पहिल्या वर्षाची, मधल्या फळीत खेळते. मी ब्रिजिड, शेवटच्या वर्षाची, बचावात, कॅप्टन. आमच्या ऑल्डरब्रुकच्या टीममध्ये प्रत्येक नव्या मुलीला एक थोरली नेमून देतात. टिलीची थोरली मी.

वॉर्मअपला मी तिच्याकडे डाव्या बाजूने सात चेंडू फेकले. तिने दोन झेलले. उजव्या बाजूचे सगळे झेलले.

"उन्हानं दिपतंय गं," ती म्हणाली.

ऊन तिच्या पाठीमागे होतं.

मागचा सामना कोणाशी झाला? जिंकलात का?

शुक्रवारी, हार्टवुडशी, सेमीफायनल. जिंकलो. अकरा-दहा.

शेवटची दोन मिनिटं उरली होती. त्यांच्या मुलीने मारलेला चेंडू गोलच्या खांबावर आदळला आणि उलटा आला. मुलींच्या लॅक्रोसमध्ये हेल्मेट फक्त गोलकीपरला. बाकीच्या आम्ही डोळ्यांवर तारेचा चष्मा लावतो, दातांत रबर धरतो आणि जाळीची काठी घेऊन पळतो; डोकं उघडं. चेंडू मुठीएवढा, पिवळा, घट्ट रबराचा. तो टिलीच्या डाव्या कानामागे बसला.

आवाज मला ऐकू आला. कलिंगड पिकलंय का बघायला वाजवतात, तसा. त्याहून थोडा खोल.

बाकी सगळ्यांचं लक्ष सुटलेल्या चेंडूकडे होतं. टिली एका गुडघ्यावर बसली आणि उठली. मी ओरडले, "ठीक?" तिने अंगठा दाखवला. पण मी तिच्या उजवीकडे होते आणि अंगठा तिने डावीकडे दाखवला. तिथे कोणीच नव्हतं.

बसमध्ये ती बेगल-पावांच्या कागदी पिशवीत ओकली. सगळ्यांनी मिळून ठरवलं की दोष खेकड्याच्या डिपचा, चिप्स बुडवून खातात त्या चटणीचा. पार्किंगमध्ये पालकांनी डिक्या उघडून टेबलं मांडली होती, आणि मिसेस फेनिमोरनी आणलेलं ते डिप तीन तास उन्हात होतं. "मिसेस फेनिमोरनी आपल्याला हरवायचा विडा उचललाय," कोणीतरी म्हणालं, आणि बस हसली. मीसुद्धा हसले.

मी पाच शब्द सांगेन, तू परत म्हणायचे

शिडी, मीठ, बदक, खिसा, काच.

घंटा, कोबी, दोरी, मासा, चादर.

डोरीनकडे अशा सहा याद्या आहेत. आम्हाला सहाही पाठ आहेत. बसमध्ये टाळ्यांवर म्हणतो. डोरीन पुढच्या सीटवर कानात वायरी घालून झोपते, त्यामुळे तिला वाटतं आम्ही गाणं म्हणतोय.

पण शब्द ही किरकोळ गोष्ट. खरी गोष्ट ऑगस्टमधली.

ऑगस्टमध्ये, सीझनच्या कितीतरी आधी, प्रत्येकीला कॉम्प्युटरसमोर बसवून एक परीक्षा घेतात. आकार ओळखा, रंग दिसला की बटण दाबा, आकडे उलटे म्हणा. त्या परीक्षेच्या आदल्या दिवशी आमच्याकडे थोरलीने धाकटीला आइस्क्रीमला न्यायची पद्धत आहे. मी टिलीला नेलं.

"म्हणजे मुद्दाम चुकायचं?" तिने विचारलं.

"चुकायचं नाही गं. मंद व्हायचं. फार चुकलीस तर यंत्र बोंब मारतं. रात्री झोप न झाल्यासारखं खेळायचं. आपल्यात त्याला गोगलगाय म्हणतात."

"आणि ते कशासाठी?"

"तो आकडा डोरीन जपून ठेवते. वर्षात कधी डोकं आपटलं की परत तीच परीक्षा. आकडा खाली आला की तू बाहेर. दोन आठवडे, तीन आठवडे, सीझनसुद्धा जाऊ शकतो. मुळातच खाली असेल तर आणखी खाली येणार कुठून?"

टिली चमचा तोंडात धरून माझ्याकडे बघत राहिली. मग खूप हसली. "थोरले, तू अट्टल चोर आहेस."

"मला माझ्या थोरलीनं शिकवलं. तिला तिच्या."

मी तिला पुदिना-चॉकलेटचा दुसरा गोळा घेऊन दिला. बक्षीस म्हणून.

महिने उलटे म्हण

डिसेंबर, नोव्हेंबर.

शनिवारी सकाळी दहाला हॉटेलच्या छोट्या मीटिंगच्या खोलीत डोरीनने टिलीला लॅपटॉपसमोर बसवलं. डिपवर तिचा विश्वास बसला नव्हता. मी बाहेर कार्पेटवर, भिंतीला पाठ लावून.

ऑक्टोबर, सप्टेंबर.

आत बटणांचा आवाज. टक. टक. मध्ये लांब शांतता. टक.

ऑगस्ट.

मी ऑगस्टवरच अडले. ऑगस्टमध्ये डोरीनने आम्हाला पडद्यावर चित्रं दाखवली होती. पहिला मार बरा व्हायच्या आत दुसरा बसला, मग तो कितीही हलका असो, तर मेंदू सुजू शकतो. दिवसांत नाही, मिनिटांत. "एक मुलगी स्वतःच्या पायांनी चालत मैदानाबाहेर आली," डोरीन म्हणाली होती, "बाकावर बसली, पाणी मागितलं." पुढचं तिने सांगितलं नाही, पुढचं चित्र लावलं. मागच्या रांगेत कोणीतरी मोठ्यांदा जांभई दिली आणि सगळ्या फिस्सकन हसल्या.

जांभई माझी होती.

दार उघडलं. टिलीचे डोळे लाल होते, पण ओठांवर हसू. मागे डोरीन, तिचाही जीव भांड्यात पडलेला.

"ऑगस्टपेक्षा दोन गुण जास्तच आहेत," डोरीन म्हणाली. "खेळ. पण डोकं दुखलं, गरगरलं, तर त्याच मिनिटाला मला सांगायचं. काय?"

"हो."

डोरीनची पाठ वळताच टिली माझ्या कानाशी आली. तिच्या श्वासाला आंबट वास होता. "थोरले, गोगलगाय जिंकली."

मी डोरीनच्या मागे गेले. खरंच गेले. लिफ्टपाशी गाठलं.

"डोरीन."

"काय गं?"

"टेप आहे का?"

तिने खिशातून पांढऱ्या टेपचा रोल काढून दिला.

आत्ता कितवा क्वार्टर चालू आहे?

पहिला. लॅक्रोसमध्ये प्रत्येक गोलनंतर खेळ मधल्या वर्तुळातून सुरू होतो. दोघी समोरासमोर उभ्या राहतात, काठ्यांच्या जाळ्या एकमेकींना टेकवतात, मध्ये चेंडू. शिट्टी झाली की चेंडू उसळतो आणि वर्तुळाभोवतीच्या सगळ्या एकमेकींच्या अंगावर धावतात. कोपरं, खांदे, काठ्या. आमच्याकडून वर्तुळापाशी टिली असते. लहानखुरी आहे, पण चेंडू कुठे पडणार हे तिला आधी कळतं.

कळायचं. आज ती दर वेळी अर्धं पाऊल मागे.

एक गोल, एक उसळी. दोन गोल, दोन उसळ्या. केनिस्टन कॉलेजच्या मुली उंच आहेत आणि त्यांची कोपरं बरोबर टिलीच्या कानाच्या उंचीवर येतात. हे मी याआधी कधी मोजलं नव्हतं.

दुसरा. क्वार्टर बदलला की बाजू बदलतात. अकरा जणी फिरलो. टिली एकटी उलट्या दिशेला तोंड करून उभी राहिली, काठी तयार धरून, आपल्याच गोलकडे बघत.

"ऑस्ट्रँडर! घरावर दरोडा घालतेस काय गं?" आमची गोलकीपर ओरडली. बेंच हसला. टिली पण हसली, डोक्यावर हात मारून घेतला आणि फिरली.

हात उजव्या बाजूला मारला होता. डावी बाजू सांभाळून.

शेवटचा गोल कोणी केला?

माहीत नाही. मी चेंडू बघत नाहीये.

आकडे उलटे म्हण: ४, ९, ३, ८

हाफ टाइमला दहा मिनिटं असतात.

आठ. मी टिलीला पाण्याच्या पिंपांमागे ओढलं. तिने डोळे मिटून बर्फ मानेवर धरला होता.

"तू बाहेर बसतेस," मी म्हटलं.

"नाही."

"तुला डावीकडचं दिसत नाहीये."

"दिसतंय. उशिरा दिसतंय." एक डोळा उघडून तिने माझ्याकडे पाहिलं. "हळू बोल ना. भोंग्यासारखी ओरडतेस."

मी कुजबुजत होते.

तीन. "टिली, परीक्षेला काही अर्थ नाही, तुलाही माहीत आहे."

"तीस मिनिटं राहिलीत. बाबा अकरा तास गाडी चालवून आलेत. आणि तू स्वतः नाही का खेळलीस? दुसऱ्या वर्षी, आपटल्यावर? तूच तर सांगतेस ती गोष्ट सगळ्यांना. दोन दिवसांनी खेळले आणि तीन चेंडू हिसकावले म्हणून. तुला काय झालं? काही नाही झालं."

नऊ. मग मी तिला ते सांगितलं जे मी कोणालाच सांगितलेलं नाही. पुस्तकाचं एक पान मला तीनदा वाचावं लागतं. मोठ्या दुकानातल्या ट्यूबलाइटखाली मळमळतं. एप्रिलमध्ये मी दूध आणायला गेले आणि फ्रीजचं दार उघडं धरून उभी राहिले, कशाला आले ते आठवेना, शेवटी दुकानातल्या बाईने हळूच दार माझ्या हातातून सोडवून घेतलं. मी घाईघाईत सांगत होते. सांगताना मला स्वतःचीच भीती वाटायला लागली. आत्तापर्यंत हे सगळं एकामागोमाग एक असं कधी मांडलंच नव्हतं.

 बर्फाचं पाणी टिलीच्या पाठीवरून ओघळत होतं.

"हे तू ऑगस्टमध्ये का नाही सांगितलंस?" तिने विचारलं.

चार. भोंगा वाजला.



तिसरा क्वार्टर मी तिच्या अंगाला चिकटून खेळले. केनिस्टनची जी मुलगी मी धरायची होती तिला मोकळी सोडून टिलीच्या डाव्या बाजूला. केनिस्टनने त्यातून दोन गोल केले. कोच हॅलोरन रेषेवरून ओरडत होत्या, "ब्रिज! तू कोणाला धरलंयस? आपल्याच मुलीला?" हो कोच. आपल्याच मुलीला.

एकदा एका काठीचं टोक टिलीच्या कानाजवळून गेलं. तिचे केस हलले.  चौदा वर्षं मी हा खेळ खेळतेय. बरगडी मोडलीय, दोन दात खोटे आहेत, पण अशी भीती मला माहीत नव्हती.

चौथ्या क्वार्टरला नऊ-नऊ. सहा मिनिटं बाकी. मी हात वर केला आणि बदली मागून बाहेर आले. काठी टाकली, चष्मा काढला आणि थेट डोरीनकडे गेले.

"टिलीला बाहेर काढ."

"काय झालं? आत्ता लागलं?"

"शुक्रवारी लागलं. चेंडू, कानामागे. मी बघितलंय."

"अगं, पण तिची परीक्षा..."

"परीक्षा खोटी आहे. ऑगस्टचीच खोटी आहे. आम्ही मुद्दाम हळू देतो."

डोरीन हसायच्या बेतात होती. "म्हणजे काय, हळू?"

"शिडी, मीठ, बदक, खिसा, काच," मी म्हटलं. "घंटा, कोबी, दोरी, मासा, चादर. पुढच्या चार म्हणू? बसमध्ये तेच म्हणतो आम्ही. दर वर्षी. मी तिला शिकवलं."

डोरीनच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. तो जाताना मला दिसला, कपाळापासून गळ्यापर्यंत. "सगळ्या?" ती म्हणाली. "एकतीसच्या एकतीस?" आणि मग माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघत, "तू पण?"

"डोरीन, आधी टिली."

ती कोचकडे धावली. मी मागे. "टाइमआउट घ्या," डोरीन म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. ऑस्ट्रँडरला बाहेर घ्या."

"चेंडू त्यांच्याकडे आहे," कोच म्हणाल्या. मैदानावरची नजर त्यांनी काढली नाही. "आपल्याकडे आल्याशिवाय टाइमआउट मिळत नाही, तुला माहीत आहे. झालं काय?"

चेंडू ज्यांच्याकडे असतो त्यांना गोलवर मारायला नव्वद सेकंद मिळतात. घड्याळ गोलच्या मागे असतं.

८४

"टिली!" मी ओरडले. "बाहेर ये! बदली!" तिने ऐकलं. मला माहीत आहे तिने ऐकलं, कारण तिने पाठ फिरवली.

७१

केनिस्टनच्या मुली घाईत नव्हत्या. चेंडू एकीकडून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे. डोरीन कोचच्या कानात बोलत होती. कोच म्हणत होत्या, "काय? काय हळू?"

५८

टिली त्यांच्या सगळ्यात उंच मुलीसमोर उभी होती. तोल सावरल्यासारखी पाय फाकून, बोटीत उभं राहतात तशी.

४० 

आमच्या बेंचवर एकेक मुलगी गप्प होत गेली. कोणालाच काही सांगितलं नव्हतं. पण बेंचपाशी डोरीनसमोर उभी राहून मी याद्या म्हटल्या होत्या, आणि त्या त्यांनी ऐकल्या होत्या.

२९

उंच मुलगी डावीकडून सुटली. टिली फिरली, उशिरा. पण फिरली.

२२

मारणाऱ्या मुलीच्या आणि गोलच्या मध्ये उघडं डोकं घालायचं नाही, हा नियम आमच्या अंगात सात-आठ वर्षांच्या असल्यापासून भिनलेला आहे. त्यासाठी शिट्टी होते, कार्ड मिळतं. टिली सरळ मध्ये गेली. तिला ती जागा दिसलीच नाही.

काठी मागे गेली.

मी डोळे मिटले. हे लिहायला नको होतं, पण मिटले.

चेंडू चिलखतावर बसावा तसा आवाज. डोळे उघडले तेव्हा चेंडू आमच्या गोलकीपरच्या छातीवरून खाली पडत होता, आणि टिली उभी होती. तो तिच्या खांद्यावरून गेला होता की केसांवरून, मला आजही कळलेलं नाही. गोलकीपरने चेंडू उचलला, समोर जी दिसली तिच्याकडे फेकला. उजव्या बाजूला. टिलीने झेलला.

आणि पळाली.

समोर कोणी नव्हतं. पूर्ण अर्धं मैदान रिकामं. अख्खं स्टेडियम उभं राहिलं.

"कोच!" डोरीन किंचाळली. "चेंडू आलाय! टाइमआउट!"

कोच हॅलोरननी हात उचलला. अर्ध्यावर. बारा वर्षं त्यांनी ही फायनल बघितली नव्हती, आणि त्यांच्या टीमची मुलगी एकटी गोलकडे धावत होती. वाईट बाई नाही ती. हात फक्त अर्ध्यावर राहिला, दोन सेकंद, तीन.

केनिस्टनच्या दोघी मागून गाठत होत्या. एक टिलीच्या डावीकडून. टिलीला ती दिसणार नव्हती. ती मुलगी पूर्ण वेगात येऊन धडकेपर्यंत दिसणार नव्हती.

मी मैदानात शिरले.

काठी नाही, चष्मा नाही. बारा जणींच्या खेळात तेरावी. मधल्या रेषेवरून तिरकी, तिच्या वाटेवर, दोन्ही हात पसरून, आणि ओरडत होते काय ते मला माहीत नाही. शिट्टी झाली. मग दुसरी, तिसरी. तिन्ही पंचांनी एकदम फुंकल्या. लॅक्रोसमध्ये शिट्टी झाली की जिथे आहात तिथे थिजायचं. केनिस्टनची मुलगी थिजली. टिलीच्या डाव्या खांद्यापासून हातभर अंतरावर.

टिली दोन पावलं आणखी धावली आणि माझ्या अंगावर आली. मी तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं. जोरात नाही. अंड्यासारखं.

पंच पिवळं कार्ड धरून माझा नंबर विचारत होती. चेंडू केनिस्टनला. स्टेडियममधून जो आवाज येत होता तो माझ्यासाठी होता, आणि तो बराच वेळ आला.

"मी एकटी होते," टिली म्हणाली. दातांतल्या रबरामुळे शब्द जाड येत होते. "अगं, मी एकटी होते. समोर कोणी नव्हतं."

"डावीकडे बघ."

तिने मान वळवली. हातभरावर उभ्या असलेल्या त्या उंच मुलीकडे बघून ती दचकली. इतकी दचकली की काठी हातातून पडली.

मग ती रडायला लागली. रडताना डोकं दुखतं म्हणून थांबायची, आणि परत सुरू व्हायची.



डोरीनने तिला झोपवून, मान पट्ट्यात धरून, स्ट्रेचरवर बाहेर नेलं. तिचे बाबा कठडा ओलांडून आले. मोठा माणूस, अंगावर टीमचा शर्ट, हातात अजून नॅचोजची वाटी. ती खाली कुठे ठेवायची ते त्यांना सुचत नव्हतं.

"चालत होती की," ते मला म्हणाले. "आत्ता तर पळत होती. होती ना?"

"हो."

"मग बरीच आहे ना ती?"

मी वाटी त्यांच्या हातातून घेतली.

फाटकाबाहेर ॲम्ब्युलन्स उभी होती, मागची दारं उघडी. आत स्टेडियममध्ये खेळ परत सुरू करायचा भोंगा झाला. कोचनी आमच्याकडे पाहिलं नाही. बेंचवरच्या मुलींकडे बघत होत्या, एकेकीच्या चेहऱ्याकडे, जणू पहिल्यांदाच बघतायत. कोणाला आत पाठवावं हे त्यांना कळत नव्हतं. कोणालाही पाठवता येणार नव्हतं खरं तर, आणि पाठवावं लागणार होतं.

ॲम्ब्युलन्सवाल्या माणसाने स्ट्रेचर आत सरकवलं. टिली छताकडे बघत होती. मी पायरीशी थांबले. तिथल्या दिव्याकडे बघवत नव्हतं, म्हणून खाली रस्त्याकडे बघत होते.

"पेशंट ही एकच ना?" त्याने डोरीनला विचारलं.

"नाही," डोरीन म्हणाली. तिने माझ्या दंडाला धरलं. पोलीस धरतात तसं, की आई धरते तसं, ते मला ठरवता आलं नाही. "दोघी."

मी वर चढले. बाकावर टिलीची बॅग होती. टिलीने ती उचल म्हटलं नाही, राहू दे म्हटलं नाही. मी ती मांडीवर घेतली आणि बसले, आणि दारं बंद झाल्यावर पट्ट्याचा खटका कुठे बसतो ते मला सापडेना, शेवटी तो त्या माणसानेच लावला.